एकच कोड, अनेक ओएस: अटींमधली नावे बिनचूक कशी लिहावीत?

विंडोजवर लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर चालवायचा, मॅकवर बिल्ड करायचा आणि पुढेमागे अँड्रॉइडवरही न्यायचा म्हटले की पहिला अडसर नावांचा येतो. फाइलचे पाथ, थ्रेड, सॉकेट, मेमरी मॅपिंग अशा कामांसाठी प्रत्येक ओएसची फंक्शन्स वेगळी असतात. मग कोडमध्ये ‘ही ओएस असेल तर हे, नाहीतर ते’ अशी अट घालावी लागते आणि तिच्यासाठी कंपाइलरला ठाऊक असलेले ओएसचे नाव लागते. इथेच घोडे पेंड खाते. ‘विन३२’ लिहायचे की ‘_विन३२’? ६४ बिटसाठी दुसरे नाव हवे का? मॅकला मॅकओएस म्हणायचे, ओएसएक्स की डार्विन? अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच ना? हे प्रश्न कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे विचारतात आणि कंपनीत वर्षानुवर्षे कोड लिहिणारेही विचारतात.

गोंधळ होणे साहजिक आहे, कारण प्रत्येक भाषेने ही नावे आपापल्या काळात, आपापल्या पद्धतीने ठरवली. त्यातून बहुतेक भाषांमध्ये चुकीचे नाव लिहिले तरी एरर येत नाही. कंपाइलर ती अट खोटी धरतो, तो भाग वगळतो आणि बिल्ड हिरवे दाखवतो. चूक कळते ती दुसऱ्याच्या मशीनवर, कधी कधी काही महिन्यांनी. म्हणून दोन गोष्टी पाळा: नाव आठवणीवर विसंबून लिहू नका, कंपाइलरकडून काढून घ्या, आणि नाव चुकले तर बिल्ड तिथल्या तिथे अडेल अशी व्यवस्था करा. पुढच्या सगळ्या सूचना याच दोन गोष्टींसाठी आहेत.

वाचण्याआधी एक सूचना. इथे कोडमधली नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची. अंडरस्कोरची चिन्हे जशीच्या तशी ठेवली आहेत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद देवनागरीत दिसत नाही, म्हणून जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे शब्दांत सांगितला आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे?

ओएसचे नाव लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हा प्रश्न खरोखर ओएसचा आहे का? बऱ्याचदा तो दुसराच काही असतो.

- कंपाइलरचा प्रश्न: एखादे खास अ‍ॅट्रिब्यूट किंवा वॉर्निंग बंद करण्याची सूचना कंपाइलरवर अवलंबून असते. इथे ‘_एमएससी_व्हर’ (मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर) किंवा ‘__जीएनयूसी__’ (जीसीसी, क्लँगही हे नाव देतो) तपासा.
- प्रोसेसरचा प्रश्न: ६४ बिट आहे का, एआरएम आहे का, हे ओएसच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी आर्किटेक्चरची नावे वेगळी असतात.
- सी लायब्ररीचा प्रश्न: लिनक्सवर जीलिबसी असेलच असे नाही. अल्पाइन लिनक्स मसल वापरते.
- सुविधेचा प्रश्न: एखादे फंक्शन किंवा हेडर उपलब्ध आहे का, एवढेच बघायचे असते.
- खरा ओएसचा प्रश्न: विंडोजची रजिस्ट्री, लिनक्सचे ‘ईपोल’, मॅक आणि बीएसडीचे ‘केक्यू’ अशा त्या-त्या ओएसच्या स्वतःच्या गोष्टी.

कंपाइलर आणि ओएस यांची गल्लत सर्वांत जास्त होते. ‘_एमएससी_व्हर असेल तर विंडोज’ असे अनेक जण लिहितात. तोच कोड मिनजीडब्ल्यूने, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसीने बांधला की लक्ष्य विंडोज असूनही ती अट खोटी ठरते आणि युनिक्सचा कोड आत शिरतो.

सुविधेच्या प्रश्नाला ओएसचे उत्तर दिले की काय होते, याचे उदाहरण ‘एसटीआरएलसीपीवाय’ या फंक्शनचे आहे. बीएसडीमध्ये ते पूर्वीपासून होते, जीलिबसीमध्ये नव्हते. म्हणून अनेकांनी ‘लिनक्स असेल तर हे फंक्शन आपणच लिहू’ अशी अट घातली. २०२३ मध्ये जीलिबसीच्या २.३८ आवृत्तीत ते फंक्शन आले. आता हेडरमध्ये एक घोषणा आणि तुमच्या फाइलमध्ये त्याच नावाचे स्टॅटिक फंक्शन, म्हणजे कंपाइलरची एरर ठरलेली. अट ‘लिनक्स आहे का’ अशी न घालता ‘हे फंक्शन आहे का’ अशी घातली असती, तर जुन्या आणि नव्या दोन्ही लिनक्सवर काम झाले असते. सीमेक, मेसन किंवा ऑटोकॉन्फ अशी चाचणी करून देतात. हेडर आहे का, एवढेच पाहायचे असेल तर सी++१७ आणि सी२३ मधले ‘__हॅज_इन्क्लूड’ पुरते.

सी आणि सी++: कोणते नाव विश्वासाचे?

ही नावे कंपाइलर स्वतः देतो. त्यांच्यासाठी कोणतेही हेडर घ्यावे लागत नाही.

- विंडोज: ‘_विन३२’, अक्षरे कॅपिटल, सुरुवातीला एक अंडरस्कोर. नावात ३२ असले तरी ६४ बिट विंडोजवर आणि एआरएम विंडोजवरही ते असते. फक्त ६४ बिट हवे असेल तेव्हाच ‘_विन६४’ तपासा.
- लिनक्स: ‘__लिनक्स__’, सगळी अक्षरे स्मॉल, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर.
- अँड्रॉइड: ‘__अँड्रॉइड__’, अक्षरे कॅपिटल.
- ॲपलच्या सगळ्या ओएस: ‘__ॲपल__’, अक्षरे कॅपिटल.
- फ्रीबीएसडी: ‘__फ्रीबीएसडी__’, यात एफ आणि बीएसडी कॅपिटल, मधली अक्षरे स्मॉल. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीची नावे याच धर्तीवर.
- सिगविन: ‘__सिगविन__’, अक्षरे कॅपिटल. सिगविन विंडोजवर चालत असले तरी त्याचा जीसीसी एरवी ‘_विन३२’ देत नाही. तो स्वतःला युनिक्स म्हणवतो.

यांच्याशी मिळतीजुळती पण दगा देणारी नावेही ओळखून ठेवा.

अंडरस्कोर नसलेले ‘विन३२’ मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर देत नाही. ते प्रोजेक्टच्या सेटिंगमधून किंवा विंडोजच्या हेडरमधून येते. त्यामुळे हेडर घेण्याआधी तपासले तर नाही आणि नंतर तपासले तर आहे, असा खेळ होतो. अंडरस्कोर नसलेल्या ‘अँड्रॉइड’चेही तसेच, ते बिल्डची साधने देतात, कंपाइलर नाही.

अंडरस्कोर नसलेले ‘लिनक्स’ तर आणखी फसवे. जीसीसी आणि क्लँग एरवी जीएनयू धाटणीच्या सीमध्ये चालतात आणि त्या धाटणीत लिनक्सवर हे नाव असते, किंमत १. तुम्ही ‘-एसटीडी=सी११’ असा काटेकोर पर्याय दिलात की ते नाहीसे होते. कोड तोच, मशीन तेच, पण एका फ्लॅगमुळे अट खोटी. उलट बाजूने, कोणी ‘इंट लिनक्स = ५;’ असे व्हेरिएबल लिहिले तर प्रीप्रोसेसर त्याचे ‘इंट १ = ५;’ करतो आणि कंपाइलर भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो. दोन्ही बाजूंना अंडरस्कोर असलेले नाव वापरा, हे दोन्ही त्रास टळतील.

‘__युनिक्स__’ या नावाबद्दलही सावध राहा. लिनक्स आणि बीएसडीवर ते मिळते, मॅकवर मिळत नाही. युनिक्ससारखी कोणतीही ओएस चालणार असेल, तर अट ‘__युनिक्स__ किंवा __ॲपल__’ अशी जोडून लिहा.

अटींचा क्रम चुकवू नका

अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच आहे, त्यामुळे अँड्रॉइडसाठी बांधताना ‘__लिनक्स__’ आणि ‘__अँड्रॉइड__’ ही दोन्ही नावे असतात. लिनक्सची अट आधी लिहिली तर अँड्रॉइडच्या फांदीपर्यंत कंपाइलर पोहोचतच नाही. खास नाव आधी, सर्वसाधारण नाव नंतर, हा नियम ठेवा. सांगाडा असा:

#इफ डिफाइन्ड(_विन३२)
  // विंडोजचा कोड
#एलिफ डिफाइन्ड(__अँड्रॉइड__)
  // अँड्रॉइडचा कोड
#एलिफ डिफाइन्ड(__लिनक्स__)
  // लिनक्सचा कोड
#एलिफ डिफाइन्ड(__ॲपल__)
  // ॲपलचा कोड
#एल्स
  #एरर "या ओएससाठी कोड लिहिलेला नाही"
#एंडिफ

शेवटची ‘#एरर’ची ओळ गाळू नका. ‘विंडोज नसेल तर लिनक्सच’ असे गृहीत धरून नुसते ‘#एल्स’ लिहिले, की मॅक, फ्रीबीएसडी आणि वेबअसेम्ब्ली सगळे लिनक्सच्या नावावर खपतात.

विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलचा प्रश्नही वारंवार येतो. डब्ल्यूएसएलमध्ये बांधलेला प्रोग्राम हा लिनक्सचाच प्रोग्राम असतो आणि कंपाइलरला तिथे फक्त ‘__लिनक्स__’ दिसते. तो कुठे चालतो आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ते प्रोग्राम चालू झाल्यावर तपासावे लागते.

ॲपलचा हिशोब वेगळा

‘__ॲपल__’ एवढ्यावरून मॅक की आयफोन हे कळत नाही. त्यासाठी ॲपलचे ‘टार्गेटकंडिशनल्स’ हे हेडर घ्या. त्यातली नावे कॅपिटल अक्षरांत आहेत आणि दिसतात तशी नाहीत:

- ‘टार्गेट_ओएस_मॅक’: नाव मॅकचे, पण ॲपलच्या सगळ्या ओएसवर किंमत १. मॅक ओळखायला याचा उपयोग नाही.
- ‘टार्गेट_ओएस_ओएसएक्स’: फक्त मॅकवर १. मॅकसाठी हेच वापरा.
- ‘टार्गेट_ओएस_आयफोन’: आयओएस, टीव्हीओएस, वॉचओएस या सगळ्यांवर १.
- ‘टार्गेट_ओएस_आयओएस’: नेमके आयओएस हवे असेल तर हे.

ही नावे हेडर घेतल्यावर नेहमी अस्तित्वात असतात. फक्त किंमत ० किंवा १ असते. म्हणून ‘#इफडेफ’ वापरलेत तर अट कायम खरी ठरेल, किंमत ० असली तरी. इथे ‘#इफ’च वापरा.

नावे अशी विचित्र का? ॲपलने २०१० मध्ये आयफोन ओएसचे आयओएस केले, २०१६ मध्ये ओएस एक्सचे मॅकओएस केले, २०१९ मध्ये आयपॅडओएस असे वेगळे नाव आणले. जाहिरातीतली नावे बदलली, पण कोडमधली जुनी नावे काढून टाकली तर जगभरचे बिल्ड तुटतात, म्हणून ती राहिली. आयपॅडओएससाठी तर स्विफ्टमध्ये वेगळे नावच नाही. तिथेही ‘ओएस(आयओएस)’ हीच अट.

गो: नियम सोपे, खड्डे दोन

गो भाषेत प्रीप्रोसेसर नाही. अट पूर्ण फाइलला लागते, आणि ती दोन प्रकारे लिहिता येते.

1. फाइलच्या नावात: ‘डिस्क_लिनक्स.गो’ ही फाइल फक्त लिनक्ससाठी घेतली जाते, ‘डिस्क_विंडोज.गो’ फक्त विंडोजसाठी.
2. फाइलच्या सुरुवातीला: ‘//गो:बिल्ड लिनक्स || फ्रीबीएसडी’ अशी ओळ. दोन तिरप्या रेघा आणि ‘गो’ यांच्यात जागा सोडू नका. ही ओळ पॅकेजच्या ओळीच्या आधी हवी आणि तिच्याखाली एक रिकामी ओळ सोडा. ही पद्धत २०२१ मध्ये गो १.१७ पासून आली; जुन्या कोडमध्ये ‘+बिल्ड’ची ओळ दिसेल.

मॅकचे नाव गोमध्ये ‘डार्विन’ आहे. ‘मॅकओएस’ असे नाव गोला ठाऊकच नाही, आणि पहिला खड्डा इथेच आहे. ‘//गो:बिल्ड मॅकओएस’ लिहिलेत तर ती फाइल कोणत्याच ओएसवर घेतली जाणार नाही. पण फाइलचे नाव ‘डिस्क_मॅकओएस.गो’ ठेवलेत तर ती सगळ्या ओएसवर घेतली जाईल, कारण अनोळखी शेपटी ही गोच्या दृष्टीने नावाचा साधा भाग असते. म्हणजे चूक एकच, पण परिणाम अगदी उलट. ‘_विन.गो’ अशा शेपटीचेही तसेच होते.

दुसरा खड्डा ‘युनिक्स’चा. २०२२ मध्ये गो १.१९ ने ‘युनिक्स’ हा टॅग आणला. लिनक्स, डार्विन, बीएसडी, अँड्रॉइड हे सगळे त्यात बसतात. तो फक्त ‘//गो:बिल्ड’च्या ओळीत चालतो, फाइलच्या नावात चालत नाही. ‘_युनिक्स.गो’ नावाच्या फाइली लोकांकडे आधीपासूनच होत्या. त्यांचा अर्थ रातोरात बदलू नये म्हणून ही शेपटी मुद्दाम वगळली. तुमच्याकडे ‘डिस्क_युनिक्स.गो’ असेल तर आत ‘//गो:बिल्ड युनिक्स’ ही ओळ हवीच.

आणखी दोन बारकावे:

- नुसते ‘लिनक्स.गो’ असे फाइलचे नाव असेल तर अट लागत नाही. आधी काहीतरी शब्द आणि मग अंडरस्कोर हवा.
- गोकडे मागच्या, आजच्या आणि संभाव्य अशा ओएसच्या नावांची एक यादी आहे. त्यात ‘हर्ड’ आणि ‘झेडओएस’ही आहेत. फाइलची शेवटची शेपटी चुकून यांपैकी एखादी झाली तर ती फाइल गुपचूप वगळली जाते. फाइल असूनही फंक्शन सापडत नसेल तर आधी फाइलचे नाव बघा.

रस्ट: अँड्रॉइड म्हणजे लिनक्स नव्हे

रस्टमध्ये ‘सीएफजी(टार्गेट_ओएस = "लिनक्स")’ अशी अट लिहितात. नावे सगळी स्मॉल अक्षरांत: लिनक्स, विंडोज, मॅकओएस, आयओएस, अँड्रॉइड, फ्रीबीएसडी. ओएसच नसलेल्या छोट्या बोर्डांसाठी ‘नन’. सगळ्या युनिक्स मंडळींसाठी ‘सीएफजी(युनिक्स)’. यात मॅक, आयओएस आणि अँड्रॉइडही येतात.

सी किंवा गोमधून येणाऱ्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवा:

- सीमध्ये अँड्रॉइडवर लिनक्सचे नावही असते.
- गोमध्ये अँड्रॉइडसाठी बांधताना ‘लिनक्स’ हा टॅगही खरा असतो. तसेच आयओएससाठी ‘डार्विन’ही.
- रस्टमध्ये अँड्रॉइडची ओएस फक्त ‘अँड्रॉइड’. लिनक्सची अट तिथे खोटी.

म्हणून सीमधला कोड रस्टमध्ये आणताना लिनक्सच्या जागी ‘एनी(लिनक्स, अँड्रॉइड)’ अशी जोडी लिहायची का, हे प्रत्येक ठिकाणी तपासा.

दुसरी गोष्ट, ‘#[सीएफजी]’ आणि ‘सीएफजी!’ एकसारखे नाहीत. पहिल्याने नको असलेला कोड वगळला जातो. दुसऱ्याने फक्त खरे-खोटे मिळते आणि दोन्ही फांद्या कंपाइल व्हाव्याच लागतात. विंडोजचे फंक्शन ‘इफ सीएफजी!’च्या आत ठेवून लिनक्सवर बांधलेत तर एरर येईल, आणि ती योग्यच आहे.

२०२४ च्या १.८० आवृत्तीपासून कार्गो आणि रस्ट अनोळखी नावांवर वॉर्निंग देतात. ‘मॅकओएस’च्या जागी नुसते ‘मॅक’ लिहिले तर आता कळते. तुमची आवृत्ती जुनी असेल तर एवढ्यासाठी तरी नवी घ्या.

डी आणि सी#: थोडक्यात

- डी: ‘व्हर्जन(विंडोज)’मध्ये पहिले अक्षर कॅपिटल, पण ‘व्हर्जन(लिनक्स)’मध्ये सगळी अक्षरे स्मॉल. लिनक्सचे पहिले अक्षर कॅपिटल केलेत तर एरर नाही, वॉर्निंग नाही, तो भाग कायमचा बाद. मॅकसाठी ‘ओएसएक्स’, सगळ्या युनिक्ससारख्या ओएससाठी ‘पॉसिक्स’. शेवटच्या ‘एल्स’मध्ये ‘स्टॅटिक असर्ट(०)’ ठेवा.
- सी#: डॉटनेट ५ पासून ‘विंडोज’, ‘अँड्रॉइड’, ‘आयओएस’ अशी कॅपिटल अक्षरांतली चिन्हे मिळतात, पण प्रोजेक्टचे लक्ष्य ‘नेट८.०-विंडोज’ असे त्या ओएसचे लिहिले असेल तरच. नुसते ‘नेट८.०’ असेल तर विंडोजच्या मशीनवर बांधूनही ‘विंडोज’ हे चिन्ह नसते. आणि ‘लिनक्स’ हे चिन्ह तर डॉटनेट स्वतःहून देतच नाही. अशा वेळी प्रोग्राम चालताना ‘ऑपरेटिंगसिस्टिम.इझलिनक्स’ या फंक्शनने विचारा.

बांधणारे मशीन आणि चालवणारे मशीन

वरची सगळी नावे लक्ष्य ओएसची आहेत. म्हणजे प्रोग्राम जिथे चालणार ती. तुम्ही लिनक्सवर बसून विंडोजसाठी बांधत असाल तर कंपाइलर विंडोजचे नाव देतो, आणि तेच बरोबर. गडबड होते ती बिल्डच्या साधनांमध्ये:

- सीमेक: ‘सीमेक_सिस्टिम_नेम’ हे लक्ष्य, ‘सीमेक_होस्ट_सिस्टिम_नेम’ हे बांधणारे मशीन. मॅकचे नाव इथे ‘डार्विन’. सीमेकमधले ‘युनिक्स’ हे चल मॅकवर खरे असते. सीमधले ‘__युनिक्स__’ मॅकवर नसते. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. लिनक्ससाठी वेगळे ‘लिनक्स’ हे चल सीमेक ३.२५ पासून आहे.
- रस्टची बिल्ड स्क्रिप्ट: ‘बिल्ड.आरएस’ ही बांधणाऱ्या मशीनवर चालते, म्हणून तिच्यात ‘सीएफजी!’ त्या मशीनची ओएस सांगते. लक्ष्य हवे असेल तर ‘कार्गो_सीएफजी_टार्गेट_ओएस’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचा.
- स्क्रिप्टमधली तपासणी: पायथन आणि नोडमध्ये ६४ बिट विंडोजलाही ‘विन३२’च म्हणतात. ‘नावात विन आहे का’ अशी तपासणी करू नका. ‘डार्विन’मध्येही ‘विन’ आहे, आणि मग मॅकला विंडोज समजले जाते. पूर्ण नाव जुळवा.

कोणती नावे तुमची, कोणती कंपाइलरची?

सी आणि सी++ च्या मानकांनुसार दोन अंडरस्कोरने सुरू होणारी, किंवा एक अंडरस्कोर आणि लगेच कॅपिटल अक्षर असलेली नावे कंपाइलर आणि लायब्ररीसाठी राखीव आहेत. सी++ मध्ये तर नावात कुठेही लागोपाठ दोन अंडरस्कोर आले तरी ते राखीव. म्हणून ‘__माय_लिनक्स__’ असे नाव स्वतः तयार करू नका आणि ‘__लिनक्स__’ हाताने डिफाइन करून कंपाइलरला फसवूही नका.

स्वतःची नावे मात्र तुम्ही हवी तशी ठेवू शकता, आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये ठेवावीतच. पद्धत अशी:

1. एकच हेडर करा. कंपाइलरची नावे फक्त तिथेच तपासा.
2. प्रोजेक्टच्या नावाचा उपसर्ग लावा. प्रोजेक्ट ‘वारी’ असेल तर ‘वारी_ओएस_लिनक्स’, ‘वारी_ओएस_विंडोज’. दुसऱ्या लायब्ररीशी टक्कर होत नाही.
3. प्रत्येक नावाला नेहमी ० किंवा १ अशी किंमत द्या. नाव कधीच ‘नसलेले’ ठेवू नका.
4. बाकी कोडमध्ये ‘#इफ वारी_ओएस_लिनक्स’ असेच लिहा. ‘#इफडेफ’ वापरू नका.
5. शक्य असेल तिथे ओएसपेक्षा कामाचे नाव द्या. ‘वारी_हॅज_ईपोल’ हे नाव ‘वारी_ओएस_लिनक्स’पेक्षा जास्त खरे सांगते, आणि नवी ओएस आली की एकाच ठिकाणी एक ओळ वाढवावी लागते.

तिसरी पायरी का, ते पुढे कळेल.

चुकलेले नाव पकडायचे कसे?

सी प्रीप्रोसेसरचा नियम असा की ‘#इफ’मध्ये अनोळखी नाव आले तर त्याची किंमत ० धरायची. टायपिंगची चूक त्यामुळेच लपते. जीसीसी आणि क्लँगला ‘-डब्ल्यूअनडेफ’ हा फ्लॅग दिला की अनोळखी नावावर वॉर्निंग येते; ‘-डब्ल्यूएरर=अनडेफ’ दिला की बिल्ड अडते. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये हीच वॉर्निंग सी४६६८ या क्रमांकाची आहे. ती एरवी बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. हे फ्लॅग ‘#इफडेफ’ला लागू होत नाहीत. म्हणूनच वर ० किंवा १ ची पद्धत सांगितली: ती पाळली तर ‘वारी_ओएस_लिनकस’ अशी चूक लगेच उघडी पडते.

नाव लिहिण्याआधी कंपाइलरकडून यादी मागवा:

- जीसीसी आणि क्लँग: ‘-डीएम -ई’ हे पर्याय देऊन रिकामी फाइल द्या. सगळी पूर्वनिर्धारित नावे छापली जातात. त्यात ‘लिनक्स’ किंवा ‘विन’ शोधा. तुमच्या बिल्डमध्ये ‘-एसटीडी’चा जो पर्याय आहे तोच इथेही द्या, नाहीतर यादी वेगळी येईल.
- रस्ट: ‘रस्टसी --प्रिंट सीएफजी’. दुसऱ्या ओएससाठी ‘--टार्गेट’ जोडा.
- गो: ‘गो टूल डिस्ट लिस्ट’ने सगळ्या जोड्या दिसतात, ‘गो एन्व्ह गोओएस’ने सध्याचे लक्ष्य.

आणि ज्या ओएसचे नाव कोडमध्ये आहे त्या प्रत्येकासाठी कोड निदान कंपाइल तरी करून बघा. गोमध्ये ‘गोओएस’ बदलून ‘गो व्हेट’ चालवता येते, रस्टमध्ये त्या लक्ष्याची लायब्ररी आणून ‘कार्गो चेक --टार्गेट’. सी आणि सी++ साठी क्रॉस-कंपाइलर नसेल तर सीआयवर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तीन मशीन लावा. ज्या फांदीचे बिल्ड कधीच होत नाही ती चालते, असे धरून चालू नका.

जुना कोड दुरुस्त करायचा असेल तर

सगळे एका दिवसात बदलायला जाऊ नका. हा क्रम धरा:

1. कोडमध्ये ओएसची जितकी नावे आहेत तितकी शोधून यादी करा. ‘विन३२’ आणि ‘_विन३२’ अशी दोन्ही सापडली तर नवल नाही.
2. प्रत्येक अटीसमोर लिहा: ओएस, कंपाइलर, प्रोसेसर, लायब्ररी की सुविधा?
3. नुसते ‘#एल्स’ जिथे आहे तिथे अपेक्षित ओएसची ‘#एलिफ’ अट लिहा आणि शेवटी ‘#एल्स’मध्ये ‘#एरर’ घाला. काही बिल्ड तुटतील. जिथे तुटतील तिथे आजवर भलताच कोड चालत होता.
4. अँड्रॉइड आणि लिनक्स, आयओएस आणि मॅक या जोड्यांचा क्रम तपासा.
5. एकच हेडर तयार करून एकेक फाइल त्यावर आणा.
6. सगळ्या फाइली आल्या की ‘-डब्ल्यूएरर=अनडेफ’ चालू करा. दुसऱ्यांच्या लायब्ररीतल्या हेडरमधून वॉर्निंगचा पाऊस पडला तर ती हेडर ‘-आयसिस्टिम’ने घ्या, त्यांच्या वॉर्निंग दबतील, तुमच्या राहतील.

तिसऱ्या पायरीवर तुमच्या टीममध्ये कुरबूर होईल. काल चालणारे बिल्ड आज का तुटले, असे कोणी विचारेल. तुटलेल्या बिल्डची ती एरर समोर ठेवा, त्या ओएसवर आजवर कोणती फांदी कंपाइल होत होती ते दाखवा आणि मग पुढच्या पायरीकडे वळा.